फक्त कमाल-किमान तापमान हाताशी आहे. शेततळ्यातलं पाणी किती उडेल?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्ते इंदूरचे, शेत सांवेरच्या बाजूला. शेतात तीस बाय तीस मीटरचं, प्लास्टिक अंथरलेलं तळं आहे. वडिलांना नोंदी ठेवायची सवय, त्यामुळे अकरा वर्षांचं रोजचं कमाल आणि किमान तापमान वहीत लिहिलेलं आहे. वारा, आर्द्रता, ऊन यांतलं काहीच नाही. चिरंजीवांनी थॉर्नथ्वेटचं सूत्र एक्सेलमध्ये बसवलं आणि उत्तर आलं ते असं: मार्चमध्ये दिवसाला ३.९ मिलिमीटर, ऑगस्टमध्ये ४.२. वडिलांनी कागद पाहिला आणि विचारलं, "तुझा हा कॉम्प्युटर श्रावणात कधी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेला होता का?" आता चिरंजीव विचारतात की शीट चुकली की सूत्र, दुसरं कुठलं सूत्र वापरू, आणि नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत तळ्यातून किती पाणी जाईल असं धरून चालू?

शीट चुकलेली नाही. इंदूरची महिन्यांची ढोबळ सरासरी तापमानं घेऊन मीही हिशेब करून पाहिला, मलाही तेच ३.९ आणि ४.२ मिळाले. वडीलही चुकलेले नाहीत. म्हणजे उरलं सूत्र. पण सूत्रावर खापर फोडण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल: हवेच्या तापमानाला बाष्पीभवनाबद्दल नेमकं काय माहीत असतं, आणि काय माहीत नसतं.

पाणी उडायला उष्णता लागते. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.४५ मेगाज्यूल. ही उष्णता मुख्यतः उन्हातून येते. मग ती वाफ सामावून घ्यायला हवा कोरडी हवी, आणि ओलसर झालेली हवा बाजूला सारायला वारा हवा. ऊन, कोरडेपणा, वारा अशी ही तीन माणसांची कामं आहेत. तापमान या तिघांपैकी कोणीच नाही. तापमान म्हणजे फार तर या तिघांच्या घरी येणारा-जाणारा शेजारी. त्याच्याकडून बातमी कळते, पण ऐकीव. महिन्याचं सरासरी तापमान म्हणजे तर ऐकीव बातमीचाही सारांश.

थॉर्नथ्वेट यांनी १९४८ साली जे सूत्र दिलं ते हवामानाचं वर्गीकरण करण्यासाठी होतं. जगात कुठे ओलं हवामान, कुठे कोरडं, याचा नकाशा काढायचा तर असं काहीतरी हवं होतं की जे सगळीकडे उपलब्ध असलेल्या माहितीवर चालेल. ती माहिती म्हणजे महिन्याचं सरासरी तापमान. बारा महिन्यांच्या तापमानांवरून एक वार्षिक उष्णतांक काढायचा (इंदूरसाठी तो १३९ च्या आसपास येतो), त्यावरून घातांक ठरवायचा (आपल्याकडे ३.३), आणि दिवस किती मोठा आहे त्याप्रमाणे शेवटी दुरुस्ती करायची. अमेरिकेतल्या पाण्याच्या हिशेबांशी ते जुळवलेलं होतं. जिथे उन्हाळ्यात ऊन वाढतं तसं तापमान वाढतं आणि पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, तिथे सरासरी तापमान हे उन्हाचं बऱ्यापैकी प्रतिनिधित्व करतं. आपल्याकडे मध्येच पावसाळा नावाचा पाहुणा चार महिने मुक्कामाला येतो आणि सगळी ओळखपाळख मोडतो.

मार्च आणि ऑगस्टचंच बघा. इंदूरला मार्चमध्ये साधारण कमाल ३४, किमान १७ धरा. सरासरी साडेपंचवीस. ऑगस्टमध्ये कमाल साडेअठ्ठावीस, किमान साडेबावीस. सरासरी पुन्हा साडेपंचवीस! थॉर्नथ्वेटच्या दृष्टीने हे दोन्ही महिने जुळे भाऊ आहेत, फक्त ऑगस्टचा दिवस थोडा मोठा, म्हणून त्याला थोडं जास्त बाष्पीभवन. पण रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला माणूस चालत घरी पोहोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो, आणि गोपाळकाल्याला भिजलेला सदरा दुसऱ्या दिवशीही दोरीवर कुबट वास मारत लटकत असतो. कुरडया आणि सांडगे उन्हाळ्यात का घालतात हे आपल्या आज्यांना कुठल्याही सूत्राशिवाय कळत होतं.

मग फक्त तापमान असताना हा फरक पकडायचा कसा? तुमच्या वडिलांच्या वहीत उत्तर आहे, पण तुम्ही कमाल आणि किमान यांची बेरीज करून दोनाने भागलं तेव्हा ते हरवलं. मार्चमध्ये दोघांमध्ये सतरा अंशांचं अंतर आहे, ऑगस्टमध्ये सहा. हे अंतरच बोलतं.

"शब-ए-मालवा" हे शब्द इंदूरच्या माणसाला वेगळे सांगायला नकोत. माळव्याच्या रात्री थंड का? पठार साडेपाचशे मीटर उंचीवर आहे हे एक कारण, पण मुख्य कारण कोरडी हवा आणि निरभ्र आकाश. दिवसा ऊन थेट जमिनीवर पोहोचतं म्हणून कमाल तापमान चढतं. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि वर तिला अडवायला ढग नसतात, हवेत वाफही कमी असते, म्हणून किमान तापमान खाली येतं. पावसाळ्यात ढगांची गोधडी दिवसा ऊन अडवते आणि रात्री ऊब धरून ठेवते. कमाल खाली, किमान वर, अंतर आटलं. म्हणजे कमाल-किमानातलं अंतर आपल्याला एकाच वेळी दोन बातम्या देतं: ऊन किती पोहोचलं आणि हवा किती कोरडी आहे. तिघांपैकी दोघांचा पत्ता लागला. वारा राहिला, त्याच्याकडे नंतर येतो.

हीच गोष्ट धरून हारग्रीव्ज आणि सामानी यांनी १९८५ साली आपलं सूत्र दिलं. मुळात ते कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या लायसिमीटरच्या मोजमापांवर उभं आहे. लायसिमीटर म्हणजे जमिनीत पुरलेलं मातीचं मोठं कुंड, ज्यात गवत वाढवतात आणि त्यातून रोज किती पाणी गेलं हे मोजतात. सूत्र इतकं सोपं आहे की मी ते पाकिटात लिहून ठेवायचो: ०.००२३ गुणिले वातावरणाच्या वर पोहोचणारं ऊन, गुणिले (सरासरी तापमान अधिक १७.८), गुणिले कमाल-किमान अंतराचं वर्गमूळ.

यातलं "वातावरणाच्या वर पोहोचणारं ऊन" ऐकून घाबरू नका. ते मोजावं लागत नाही. ढगांच्या वर, हवेच्याही वर, किती ऊन येतं हे फक्त अक्षांश आणि तारखेवर ठरतं, आणि इंदूरचा अक्षांश २२.७ बदलणार नाही. ते मिलिमीटरमध्ये मांडलं की हिशेब सुटसुटीत होतो. म्हणजे तेवढ्या सगळ्या उन्हाने किती मिलिमीटर पाणी उडालं असतं. मेगाज्यूलचा आकडा असेल तर त्याला ०.४०८ ने गुणा. महिन्याच्या मध्याचे दिवसाचे आकडे मी काढून देतो: नोव्हेंबर १०.७, डिसेंबर ९.८, जानेवारी १०.३, फेब्रुवारी १२, मार्च १३.८, एप्रिल १५.४, मे १६.२. पावसाळ्यातले जुलै १६.२ आणि ऑगस्ट १५.६. मे आणि जुलै सारखेच आहेत, हे डोळ्यांखालून घाला. सूर्य दोन्ही महिन्यांत सारखंच देतो, वाटेत काय होतं त्यावर सगळं ठरतं.

आता मार्च करून बघू. ०.००२३ गुणिले १३.८, गुणिले ४३.३, गुणिले सतराचं वर्गमूळ म्हणजे ४.१२. उत्तर ५.७ मिलिमीटर. ऑगस्ट: वरचं ऊन मार्चपेक्षा जास्त असूनही सहाचं वर्गमूळ २.४५ असल्याने उत्तर ३.८. वडील खूश व्हायला हरकत नाही. मे महिन्यात कमाल ४० आणि किमान २५ धरलं तर सव्वासात येतात, जुलैत ३० आणि २३ धरलं तर ४.४. थॉर्नथ्वेट मे महिन्याला साडेसहा देतो आणि जुलैला पाच.

पण खरा घोळ पावसाळ्यात नाही, हिवाळ्यात आहे, आणि तो मी स्वतः घातलेला आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. नोकरीत नवीन होतो. एका छोट्या उपसा सिंचन योजनेत रब्बीच्या गव्हाला जानेवारीत किती पाणी लागेल हे काढायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजात थॉर्नथ्वेट शिकलेला, तेच लावलं. जानेवारीचं उत्तर दिवसाला १.२ मिलिमीटर. मला वाटलं, थंडीच आहे, बरोबर असेल. आमचे वरिष्ठ होते, सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. त्यांनी फाईल उघडली, तो आकडा पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "जानेवारीत माझं धोतर किती वेळात वाळतं, सांग." मी गप्प. "सकाळी दहाला घातलेलं जेवायच्या आत घडी घालून ठेवता येतं. एक मिलिमीटरची हवा असती तर संध्याकाळपर्यंत ओलं राहिलं असतं."

फाईल परत आली. माळव्यातला जानेवारी थंड असतो, पण त्यात ढग नसतात, हवा कोरडी असते आणि दुपारचं ऊन चांगलं कडक असतं. कमाल २७, किमान १०, अंतर सतरा. हारग्रीव्ज इथे साडेतीन मिलिमीटर देतं. पूर्ण माहिती घेऊन, म्हणजे ऊन-आर्द्रता-वारा धरून पेनमन-माँटीथ पद्धतीने हिशेब केला तरी उत्तर साडेतीनच्याच जवळ येतं. माझा आकडा खऱ्याच्या जवळजवळ एक तृतीयांश होता. त्या मापाचे पंप बसवले असते तर ओंबी भरायच्या वेळी गहू तहानलेला राहिला असता. तेव्हापासून आपल्या भागात हिवाळ्यासाठी थॉर्नथ्वेट मी वापरलेलं नाही, आणि कोणी वापरलेलं दिसलं की धोतराचा प्रश्न विचारतो.

आता हारग्रीव्जच्या मर्यादा, कारण हे सूत्रही देवाने सांगितलेलं नाही.

वारा त्यात अजिबात नाही. अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ सालच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही म्हटलं आहे की वाऱ्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर असेल तर हे सूत्र कमी दाखवतं, आणि हवा फार दमट असेल तर जास्त. आपल्याकडे मेच्या शेवटाला, पाऊस यायच्या आधी, पश्चिमेकडून जो वारा सुटतो त्या दिवसांत सव्वासात हा आकडा कमी पडेल. उलट जुलै-ऑगस्टचे आकडे थोडे फुगलेले असतील. तुम्हाला नोव्हेंबर ते मे एवढंच हवं आहे, त्यामुळे दुसऱ्या चुकीशी तुमचं देणंघेणं नाही. पहिलीशी आहे.

दुसरं, एकेका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. एखाद्या रात्री अचानक ढग आले, किमान तापमान चढलं, की सूत्र समजतं त्या दिवशी ऊन कमी होतं; प्रत्यक्षात दिवसभर लखलखीत होतं. पाच दिवस, आठवडा, दहा दिवस अशा गठ्ठ्यांनी घेतलं की या चुका एकमेकींना खातात.

तिसरं, थर्मामीटर कुठे आहे. अकरा वर्षांच्या नोंदी म्हणजे सोनं आहे, पण खरं की बेगडी हे यावर ठरतं. हवामान खात्याचा थर्मामीटर झिलमिल्या असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागेत असतो. घरातला बहुधा ओसरीच्या भिंतीवर असतो. वीट दिवसभराची उष्णता रात्री सोडते, त्यामुळे किमान तापमान दोन-तीन अंश जास्त दिसतं आणि अंतर कमी होतं. पत्र्याखाली असेल तर उलट, दुपारचं कमाल भलतंच चढतं. घाबरवण्यासाठी सांगत नाही. वर्गमूळ असल्यामुळे सूत्र बरंच क्षमाशील आहे: अंतर सतराऐवजी पंधरा धरलं गेलं तर उत्तर सहा टक्क्यांनी कमी येतं, इतकंच. सरासरीत एका अंशाची चूक म्हणजे दोन-तीन टक्के. पण चूक रोजच एकाच बाजूला असेल तर सात महिन्यांत ती साचते. याच कारणाने इंदूर शहराच्या मध्यातलं तापमान शेतासाठी घेऊ नका. शहराच्या रात्री आता शब-ए-मालवा राहिलेल्या नाहीत; काँक्रीट रात्रभर ऊब सोडतं, किमान वर राहतं आणि सूत्र फसतं. निमाडातले, म्हणजे महेश्वर-मंडलेश्वरकडचे आकडेही चालणार नाहीत. घाट उतरला की रात्रीचा स्वभाव बदलतो.

आणखी एक गोंधळ मिटवतो, कारण "संभाव्य बाष्पीभवन" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी फिरतात. हारग्रीव्जचं उत्तर हे संदर्भ पिकाचं आहे: बारा सेंटिमीटर उंचीचं, पाण्याची ददात नसलेलं, जमीन पूर्ण झाकणारं हिरवं गवत. त्यातून माती आणि पानं मिळून किती पाणी जाईल ते. गव्हाला, सोयाबीनला यासाठी पिकाचा गुणांक लावतात. तुमचं उघडं पाणी ही वेगळी गोष्ट आणि बाष्पीभवन पात्रातलं (म्हणजे रोज किती पाणी उडालं हे मोजायला उघड्यावर ठेवतात त्या भांड्यातलं) पाणी ही तिसरी. दोन मीटरपेक्षा उथळ पाण्यासाठी त्याच १९९८ च्या पुस्तिकेत १.०५ हा गुणांक आहे, आणि शेततळ्यासाठी मी तोच वापरतो. खोल जलाशयांचं गणित निराळं. खोल पाणी उन्हाळ्यात उष्णता पोटात साठवतं आणि नंतर सोडतं, त्यामुळे बाष्पीभवन तापमानाच्या मागे रेंगाळतं. तुमचं तळं त्या मानाने परात आहे, दोन दिवसांत तापतं, दोन दिवसांत निवतं.

आता तुमचा आकडा. महिन्यांची बेरीज अशी: नोव्हेंबर ११७, डिसेंबर १०४, जानेवारी ११०, फेब्रुवारी १२७, मार्च १७६, एप्रिल २०९, मे २२४. एकूण १०६७ मिलिमीटर. १.०५ ने गुणून साधारण १.१२ मीटर. म्हणजे छातीएवढं पाणी आकाशात. नऊशे चौरस मीटर पृष्ठभाग कायम राहिला तर दहा लाख लिटर. पण तुमच्या तळ्याच्या बाजू उतरत्या असणार. पातळी खाली गेली की पृष्ठभाग आक्रसतो आणि लिटरमधला आकडा कमी होतो. मीटरमधला मात्र तोच राहतो. म्हणून तळ्याचा हिशेब नेहमी आधी उंचीत करा, लिटर शेवटी. हे आकडे मी इंदूरच्या ढोबळ तापमानांवर काढले आहेत, तुम्ही वडिलांच्या वहीतले घाला. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल असं मी धरतो. एक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते: एप्रिल-मे मध्ये आजूबाजूची शेतं काळी, भेगाळलेली, तापलेली असतात आणि त्यांच्यावरून आलेली हवा छोट्या तळ्यावरून जाताना जास्तीचं पाणी उचलून नेते. मोठ्या जलाशयात हा परिणाम काठापुरता राहतो, तुमचं तळं मात्र सगळं काठच आहे. त्यामुळे अंदाज चुकला तर कमी धरण्याच्या बाजूने चुकेल. तळ्यात मेसाठी पाणी राखून ठेवायचं असेल तर सव्वा मीटर बाष्पीभवनात जाईल असं धरा.

ज्यांच्याकडे पात्राच्या नोंदी आहेत ते म्हणतील, एवढं कशाला, पात्रातलं वाचन घ्या की. भारतीय प्रमाणाचं पात्र १.२२ मीटर व्यासाचं, साडेपंचवीस सेंटिमीटर खोल, वर तारेची जाळी. जाळी पाखरांसाठी. त्या जाळीमुळेच बाष्पीभवन सुमारे १४ टक्क्यांनी कमी होतं, म्हणून भारतीय पात्राला ०.८ चा गुणांक लावतात आणि बिनजाळीच्या अमेरिकन पात्राला ०.७. पात्र चांगलंच, पण ते वाचणारा माणूसही चांगला लागतो. एका धरणावर मी तीन महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. रोज ४.५. ढगाळ दिवशी ४.५, लू चालली त्या दिवशी ४.५. चौकीदाराला विचारलं तर तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, पात्राला भोक पडलंय, कळवलंय, पण रकाना रिकामा ठेवला की साहेब ओरडतात. असल्या पात्रापेक्षा तुमच्या वडिलांची वही मला दहापट विश्वासाची वाटते.

तरीही सूत्राचा आकडा आंधळेपणाने वापरू नका, कारण तुमच्याकडे नऊशे चौरस मीटरचं स्वतःचं पात्र आहे. तळ्यात एक मोजपट्टी उभी रोवा. पाऊस नाही, पंप चालवला नाही आणि बाहेरून पाणी आलं नाही असे दहा-दहा दिवसांचे तुकडे शोधा. प्रत्येक तुकड्यात पातळी किती मिलिमीटर उतरली ते उभ्या अक्षावर, हारग्रीव्जचा त्याच दहा दिवसांचा आकडा आडव्या अक्षावर, असे आलेखावर ठिपके टाका. जानेवारीचे ठिपके खाली, मेचे वर. त्यांतून रेघ ओढा. रेघेचा चढ म्हणजे तुमच्या तळ्याचा स्वतःचा गुणांक, १.०५ च्या आसपास यावा. बाष्पीभवन शून्य धरलं तरीही रेघ जिथे उभ्या अक्षाला कापते तेवढी उतरण बाष्पीभवनाची नाहीच, ती गळती आहे. प्लास्टिक अंथरलेलं असूनही तिथे दहा दिवसांत वीस-तीस मिलिमीटर निघाले तर सूत्र सोडा आणि प्लास्टिकला कुठे उंदराने कुरतडलंय ते बघा. काळी माती उन्हाळ्यात फाटते तेव्हा बांधाच्या कडेलाही ताण येतो, आधी तिकडे बघा. गळती पाण्याच्या उंचीबरोबर थोडी बदलते, म्हणून रेघ अगदी सरळ येणार नाही. चालेल.

बाकी सूत्रांबद्दल दोन शब्द. ब्लेनी-क्रिडल अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सिंचनासाठी निघालं. तेही सरासरी तापमान आणि दिवसाच्या लांबीवर चालतं, त्यामुळे मार्च-ऑगस्टचा घोळ त्यातही आहे. उदां आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अगदी साधं सूत्र दिलं: वरचं ऊन गुणिले (सरासरी तापमान अधिक ५), भागिले शंभर. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या तीनशेआठ खोऱ्यांवर त्यांनी ते तपासलं आणि पावसावरून नदीचा प्रवाह काढणाऱ्या मॉडेलमध्ये ते अवघड सूत्रांइतकंच चाललं. यावरून काहीजण म्हणतात की मग बाकीचं सगळं थोतांड. तसं नाही. मॉडेलमध्ये इतर कळा फिरवून चूक सांभाळून घेता येते. तळ्यातल्या पाण्याला असल्या कळा नसतात. इंदूरला ते सूत्र लावलं तर मार्चला ४.२ आणि ऑगस्टला ४.८ येतात, म्हणजे वडिलांचा गच्चीचा प्रश्न पुन्हा उभा.

थोडी मेहनत करायची तयारी असेल तर पेनमन-माँटीथसुद्धा कमाल-किमानावरून चालवता येतं. किमान तापमानालाच दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान, मानायचं (पहाटे हवा तिथपर्यंत निवते असं गृहीत धरून), आपल्यासारख्या कोरड्या महिन्यांत त्यातून दोन-तीन अंश वजा करायचे. पोहोचलेलं ऊन म्हणजे वरच्या उन्हाच्या ०.१६ पट गुणिले अंतराचं वर्गमूळ (समुद्रकाठी ०.१९, इंदूरला समुद्र नाही), वारा सेकंदाला दोन मीटर. नाहीतर नासाच्या पॉवर या सेवेवरून आपल्या अक्षांश-रेखांशाचं रोजचं ऊन, आर्द्रता, वारा फुकट मिळतो. तो आकडा मोठ्या चौकोनाची सरासरी असतो, तुमच्या बांधावरचा नव्हे, पण वाऱ्याची उणीव भरून काढायला पुरे. मी असतो तर रोजच्या कामाला हारग्रीव्ज ठेवलं असतं, आणि वर्षातून एकदा एप्रिल-मेचे आकडे पॉवरचा वारा घालून पेनमन-माँटीथने ताडून पाहिले असते.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ होती, "तापमान वाढतंय म्हणजे दरवर्षी बाष्पीभवनही वाढत असेल ना?" नुसत्या तापमानाच्या सूत्राला हे विचारू नका, ते हो म्हणेलच, त्याला दुसरं काही येत नाही. चट्टोपाध्याय आणि ह्यूम यांनी १९९७ मध्ये भारतातल्या पात्रांच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा तापमान वाढत असतानाही बाष्पीभवन घटल्याचं दिसलं होतं, कारण हवेतली आर्द्रता वाढली होती. वडिलांच्या वहीतही कमाल आणि किमान वेगवेगळे बघा. किमान जास्त वेगाने चढत असेल तर अंतर आक्रसतंय, आणि अंतर आक्रसलं की सूत्राचं वर्गमूळही उतरतं.

थर्मामीटर भिंतीवर आहे की मोकळ्यावर, हे वडिलांना विचारून कळवा. भिंतीवर असेल तर हलवायची घाई करू नका. नवा आणून पेटीत ठेवा आणि वर्षभर दोन्ही वाचा, म्हणजे मागच्या अकरा वर्षांना किती दुरुस्ती लावायची ते कळेल. मोजपट्टीच्या पहिल्या दोन-तीन तुकड्यांचे आकडेही पाठवा, रेघ आपण मिळून ओढू.